बुवांची पेटी

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात फोनवर मेसेज. विकणे आहे: जुनी पायपेटी (पायानं भाता मारायची हार्मोनियम), एका नामवंत गवई बुवांच्या वापरातली. किंमत लिहिलेली नाही, 'समक्ष बोलू' एवढंच. झोप गेली ती गेलीच. समक्ष तरी काय बोलणार? पेटीचे किती आणि बुवांचे किती, असं वेगळं करून सांगणार?

परदेशात हा हिशेब उघड्यावर होतो. अमेरिकन रॉक गायक कर्ट कोबेनने १९९३ साली टीव्हीवरच्या एका गाजलेल्या मैफिलीत जी गिटार वाजवली, ती २०२० च्या लिलावात ६० लाख डॉलरला गेली. म्हणजे तेव्हाचे आपले ४५ कोटी. कोल्हापुरात असा लिलाव काढला, तर बोलीआधी भांडण लागेल. जयपूर घराण्याचे गवई अल्लादिया खाँसाहेब १८९५ पासून शाहू महाराजांच्या पदरी, पेटीवर हुकमत असलेले गोविंदराव टेंबे इथलेच, शिवाय इथल्या देवल क्लबात, म्हणजे गाण्याच्या जुन्या संस्थेत, गाऊन गेलेल्यांची तर गणतीच नको. त्यामुळे जुन्या पेठांतल्या बऱ्याच घरांत कुणा ना कुणा बुवांच्या हातचं काहीतरी असतंच. निदान सांगायला तरी!

मंगळवार पेठेतल्या आमच्या वाड्यात खालच्या अण्णांकडे अशीच एक पेटी होती. अण्णांना स्वतःला सारेगमच्या पुढे काही येत नव्हतं. पण दर रविवारी जुन्या धोतराच्या फडक्यानं ती पुसायची, आणि कुणी उंबऱ्यात आलं की आतूनच ओरडायचं, "हात न्हाई लावायचा हं! बुवांची हाय!" एकदा ते अंघोळीला गेल्यावर त्यांच्या बाळ्यानं आणि मी झाकण उघडलं. आत डांबरगोळ्यांचा वास. काळी एकची पट्टी, सहाण झिजते तशी, मधोमध खोलगट झालेली. मी तिथं बोट ठेवलं, बाळ्यानं भाता मारला. नुसताच फुस्स! भाता उंदरांनी कुरतडला होता. अण्णांना ते ठाऊक असणारच. त्यांचं सगळं सुख पेटीत नव्हतंच, 'हात लावू नको' म्हणण्यात होतं.

मला मात्र काचेच्या कपाटातलं वाद्य बघवत नाही. थोर व्हायोलिनवादक पागानिनीचं व्हायोलिन इटलीतल्या जिनोव्हा शहराकडे आहे, १८४० साली वारलेल्या पागानिनीनं मृत्युपत्रात शहराला दिलेली ठेव. तिथले लोक व्हायोलिनची स्पर्धा जिंकणाऱ्याला ते वाजवायला देतात. हे मला पटतं. तंबोऱ्याचं बघा. तारा घासून घासून घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, चरे पडतात, आवाज बोथट होतो, मग मिरजेचा कारागीर कानशीनं ती जागा पुन्हा घासून जवारी काढतो, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद परत आणतो. म्हणजे वापरातल्या तंबोऱ्यात थोरामोठ्यांनी ऐकलेला नाद केव्हाच कानशीखाली भुसा होऊन गेलेला असतो. तारा तर कितीदा बदललेल्या. उरतो भोपळा, दांडी आणि नाव.

तरीही खाँसाहेबांचा तंबोरा कुणी मला दिलाच (देतंय कोण म्हणा), तर मी आधी मिरजेची एसटी धरीन आणि जवारी काढून घेईन. जाणकार बोंब मारतील, वारसा घासून काढला म्हणून. मारू देत.