एकाच डिस्कचे दोन थर: एसएसीडी आणि सीडी समोरासमोर ठेवून ऐकल्या, माझा अनुभव

हायरेझ ऑडिओचा, म्हणजे सीडीपेक्षा जास्त बारकाईने नोंदवलेल्या आवाजाचा, नाद असलेल्या कुणाशीही बोला, एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आणि सीडीत जमीन-अस्मानाचा फरक आहे असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात आणि काही म्हणजे काहीच फरक नसतो असं तितक्याच छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. दोन्ही बाजू ऐकून कंटाळले आणि ठरवलं की आपणच नीट तपासायचं. हायब्रिड डिस्क त्यासाठी फार सोयीची, कारण एकाच डिस्कवर एक थर साध्या सीडीचा आणि एक एसएसीडीचा, म्हणजे तेच वादन दोन्हीकडून ऐकता येतं.

फॉरमॅटची माहिती थोडक्यात सांगते. सीडी १९८२ ची, १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाची तितकी मोजमापं. सोनी आणि फिलिप्सने १९९९ मध्ये एसएसीडी आणली, तिच्यात डीएसडी पद्धत वापरतात, म्हणजे फक्त १ बिट पण सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा, सीडीच्या सॅम्पल रेटच्या बरोब्बर ६४ पट. पाठोपाठ २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ आली, ती २४ बिट, स्टिरिओत १९२ किलोहर्ट्झपर्यंत (सेकंदाला १ लाख ९२ हजार सॅम्पल) आणि ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, ९६ पर्यंत. आकडे वाचून वाटतं की संपलाच विषय, पण आकडे कानापर्यंत पोचतात का हाच तर प्रश्न होता.

पहिला अडथळा वायरचा. एसएसीडीचा हायरेझ थर ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्शियल वायरमधून बाहेरच येत नाही, कॉपी होऊ नये म्हणून तसंच ठरवलेलं आहे. एक तर प्लेअरचे अ‍ॅनालॉग आउटपुट वापरायचे नाहीतर एचडीएमआय. एचडीएमआय घेतलं तरी प्लेअरच्या मेनूत डीएसडी आउटपुट चालू आहे का बघावं लागतं, आणि पुढे बरेच रिसीव्हर रूम करेक्शन (खोलीप्रमाणे आवाज सुधारणं) किंवा बास मॅनेजमेंट (खर्ज सबवूफरकडे वळवणं) चालू असलं की आलेलं डीएसडी गुपचूप पीसीएममध्ये, म्हणजे सीडीच्या पद्धतीत, बदलून टाकतात. शिवाय काही प्लेअरमध्ये हायब्रिड डिस्कचा कोणता थर आधी वाचायचा याचं वेगळं सेटिंग असतं, ते सीडीवर असलं की डिस्क एसएसीडीची आणि ऐकतोय मात्र सीडी. त्यामुळे प्लेअरच्या डिस्प्लेवर काय लिहून येतंय ते बघितल्याशिवाय कुणी कशाची तुलना करू नये. डीव्हीडी-ऑडिओचंही तसंच, साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये तिचा फक्त व्हिडिओ भाग वाजतो आणि त्यात बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस, म्हणजे माहिती गाळून लहान केलेला आवाज असतो, तेव्हा ‘वाजली की’ म्हणून खूश व्हायचं नाही.

मी अ‍ॅनालॉगच घेतलं, कारण त्यात मधे कोण काय बदलतंय ही शंका उरत नाही.

आता खरी मेख, लेव्हल. दोन थरांचा व्हॉल्यूम सहसा सारखा नसतो. एसएसीडीची शून्य डेसिबलची पातळीच ५० टक्के मॉड्युलेशनला, म्हणजे डीएसडीच्या कमाल मर्यादेच्या निम्म्यावर, ठरवलेली आहे, म्हणून बऱ्याच प्लेअरवर हायरेझ थर सीडीपेक्षा हळू वाजतो, काहींवर कंपनीने तो भरून काढलेला असतो. आणि माणसाचा कान असा आहे की अर्धा डेसिबल जास्त असलं तरी त्याला ते ‘मोठं’ वाटत नाही, ‘चांगलं’ वाटतं, जास्त मोकळं, जास्त जिवंत वगैरे. म्हणजे लेव्हल जुळवल्याशिवाय केलेली तुलना ही फक्त व्हॉल्यूमची तुलना, माझ्या मते हायरेझवरची निम्मी भांडणं इथेच मिटतील. दुसरी अडचण वेळेची, थर बदलायला प्लेअर काही सेकंद घेतो आणि आवाजातला बारीक फरक डोक्यात तेवढा वेळही टिकत नाही.

म्हणून मी दोन्ही थर प्लेअरच्या अ‍ॅनालॉग आउटपुटमधून ऑडिओ इंटरफेसने २४ बिट ९६ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केले, ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल ०.१ डेसिबलच्या आत आणली, सुरुवात जुळवली, आणि फूबार २००० या प्लेअर सॉफ्टवेअरच्या एबीएक्स टेस्टमध्ये दोन्ही फाइल टाकल्या. एबीएक्स म्हणजे ए ही एक फाइल, बी दुसरी, आणि एक्स हे त्या दोघांपैकी काहीतरी, कोणतं ते आपल्याला माहीत नसतं, ओळखायचं. नुसते अंदाज मारले तर निम्मे बरोबर येणारच, त्यामुळे भरपूर वेळा करावं लागतं, आणि मधेमधे थांबावं लागतं कारण कान थकतो.

निकाल डिस्कप्रमाणे वेगळा आला, आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथेच. एका डिस्कवर मला फरक जवळजवळ दरवेळी ओळखता आला. ड्रमचा पहिला ठोका एसएसीडीच्या थरात छातीवर येत होता आणि सीडीच्या थरात तोच ठोका बाकी सगळ्या वाद्यांच्या पातळीला येऊन बसत होता. वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) उघडून बघितला तर सीडीच्या थराचा वरचा भाग इस्त्री फिरवल्यासारखा सपाट, दाबून मोठा केलेला, आणि हायरेझ थरात शिखरं शाबूत. म्हणजे मास्टरिंगच, डिस्क काढण्याआधी आवाजावर करतात ते शेवटचं काम, वेगळं होतं! त्या फरकाचं श्रेय फॉरमॅटला द्यायचं कारणच नाही, तोच न दाबलेला मास्टर १६ बिटवर आरामात मावला असता.

दुसऱ्या एका डिस्कवर, पियानो आणि व्हायोलिनची होती, दोन्ही थर एकाच मास्टरचे दिसत होते. तिथे मला ओळखता आलं नाही. मग अजून एक केलं, हायरेझ थराचं माझंच रेकॉर्डिंग डिदर (बिट कमी करताना मुद्दाम मिसळलेला सूक्ष्म नॉइज) लावून १६ बिट ४४.१ ला उतरवलं आणि मूळ फाइलशी लढवलं. नेहमीच्या व्हॉल्यूमला काही कळलं नाही. फक्त शेवटचा पियानोचा सूर विरत जातो तेवढाच तुकडा घेऊन व्हॉल्यूम खूप वर नेला (त्या व्हॉल्यूमला बाकीचं संगीत ऐकणं शक्यच नाही) तेव्हा १६ बिटचा सूक्ष्म सूऽऽ ऐकू आला.

हे मेयर आणि मोरान या दोघांनी केलेल्या २००७ च्या ऐकण्याच्या प्रयोगाशी जुळतं. त्यांनी हायरेझ डिस्क वाजवताना मधेच १६ बिट ४४.१ चा टप्पा घातला, तो ऐकणाऱ्यांना ओळखता येतो का बघितलं, आणि ५५४ चाचण्यांमध्ये २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. पण पुढचं कुणी सांगत नाही, त्यांनी हेही लिहिलं की या डिस्क ऐकायला सहसा चांगल्याच असतात, कारण त्या जास्त काळजीने बनवलेल्या असतात. २०१६ मध्ये राइस नावाच्या संशोधकाने १८ प्रयोगांचे आकडे एकत्र केले तर ५२.३ टक्के उत्तरं बरोबर आली, फरक आहे पण अगदी निसटता, आणि सराव केलेल्या लोकांना जास्त कळतो.

तेव्हापासून मी डिस्क हातात घेतली की आधी मूळ रेकॉर्डिंग कशावर झालंय ते बघते. सुरुवातीच्या डिजिटल काळात १६ बिटवर केलेलं रेकॉर्डिंग एसएसीडीवर आलं तर त्यात जास्तीचं येणार कुठून, नाव मोठं लक्षण खोटं. स्पेक्ट्रम (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचा आलेख) बघायचा असेल तर २२ किलोहर्ट्झला भिंत दिसली, म्हणजे त्याच्या वर एकदम काहीच नाही, की समजायचं हे कधीतरी ४४.१ मधून आलंय, कारण सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज त्यात मावतो. उलट मात्र खरं नाही, कारण डीएसडीचा स्वतःचाच नॉइज २० किलोहर्ट्झच्या वर चढत जातो, त्यामुळे वर काहीतरी दिसतंय म्हणजे ते संगीतच आहे असं नाही.

आणि मग कानाने. झांज वाजून विरते तेव्हा शेपटी कुठपर्यंत ऐकू येते, हॉल जाणवतो की इकोच्या मशीनचा वास येतो, गाणारा श्वास घेतो तो कापलाय का. जुन्या टेपवर हिस (टेपचा स्वतःचा सूऽऽ आवाज) ऐकू आला तर मला बरं वाटतं, कारण हिस पूर्ण गायब आणि झांजा बोथट असं असेल तर कुणीतरी नॉइज रिडक्शन जोरात लावलंय. तबल्याची चाट सुरुवातीलाच टोकदार हवी, ती मऊ लागली तर शिखरं दाबणारा लिमिटर बसलाय बहुतेक.

तरीही मी एसएसीडी सोडलेली नाही, आणि त्याचं कारण चॅनल. आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या लिव्हिंग स्टिरिओ मालिकेतली १९५० च्या दशकातली बरीच रेकॉर्डिंग तीन ट्रॅकच्या टेपवर होती, एलपी आणि सीडीसाठी ती दोनात मिसळावी लागली, एसएसीडीवर मात्र मधला चॅनल मधल्या स्पीकरमधून येतो आणि एकल व्हायोलिन ऑर्केस्ट्रापासून सुटं होऊन समोर उभं राहतं. पेंटाटोन या कंपनीने फिलिप्सच्या १९७० च्या दशकातल्या क्वाड (चार चॅनलच्या) टेपही अशाच काढल्यात. हे ओळखायला कुठलीही एबीएक्स लागत नाही.

सध्या मागच्या स्पीकरच्या जागेवर अडकलेय. ५.१ च्या शिफारशीत ते समोरच्या मध्यापासून १०० ते १२० अंशांवर सांगितलेत, पण क्वाड रेकॉर्डिंग खोलीच्या चार कोपऱ्यांतले स्पीकर धरून केलेली, म्हणजे साधारण १३५ अंश. दोन्हीला चालेल अशी जागा म्हणून सध्या १२० वर ठेवलेत, पुढे स्टँडला चाकं लावायचा विचार आहे.