रामटेक राईड: ‘सपाट ८० किलोमीटर’वर विश्वास ठेवू नका

नऊ जणी नागपूरच्या झिरो माइलवरून रामटेकला सायकलने निघाल्या, सहा सायकलवर परतल्या. तिघी मनसरहून टेम्पोत. दमून कोणीच बसलं नाही. एकीला सीटने मारलं, एकीला टायरने आणि एकीला पहाटे साडेपाचला खाल्लेल्या तर्री पोह्यांनी.

राईडला बोलावणाऱ्या मेसेजमध्ये लिहिलं होतं, “सपाट रस्ता, ८० किलोमीटर, कोणीही करू शकते.” खाली वेदांगी कुलकर्णी, फिओना कोल्बिंगर आणि अ‍ॅनी लंडनडेरी या जगभर, युरोपभर सायकल चालवलेल्या बायकांचे फोटो. म्हणजे त्यांनी एवढं केलं, तर तुम्ही रामटेकला तरी जालच. झिरो माइल ते रामटेक एका बाजूने पन्नासच्या आसपास होतं. त्यात रामटेकचा गड आणि खिंडसी तलाव धरला की घरी पोचेपर्यंत मीटर ११०च्या पुढे जातं. सपाट म्हणाल तर मनसरपर्यंत. गडाचा चढ सपाट वाटणाऱ्याने तो गाडीच्या काचेतून पाहिलेला असणार.

फोटो लावायचेच होते तर त्या बायकांनी काय केलं तेही लिहायचं. अ‍ॅनी लंडनडेरी १८९४ मध्ये बोस्टनहून निघाली ती लांब स्कर्ट घालून, ४२ पौंडांच्या, म्हणजे १९ किलोच्या लेडीज सायकलवर. शिकागोला पोचल्यावर तिने ती टाकली, २१ पौंडांची पुरुषांची सायकल घेतली आणि स्कर्टही बदलला. तरी आजही पहिल्या लांब राईडला टोपलीवाली सायकल आणणाऱ्या असतात. नवी घेणं जमत नसेल तर निदान टोपली, कॅरिअर, साडीगार्ड आणि स्टँड काढा. पाना घेऊन अर्ध्या तासाचं काम आहे.

सीटचं दुखणं ‘सवयीने जातं’ असं दुकानदार सांगतात. चुकीच्या रुंदीच्या सीटचं जात नाही, वाढतं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक खुर्चीवर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा आणि थोडं पुढे झुका. बसायच्या दोन हाडांचे दोन खड्डे उमटतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा, त्यात २० ते २५ मिलिमीटर मिळवा, साधारण तेवढी रुंदी हवी. जाड जेलची गादी घेऊ नका. तासाभरात हाडं तिच्यात रुततात आणि सगळा दाब मधल्या नाजूक भागावर येतो. मुंग्या येत असतील तर सीटचं नाक एक-दोन अंश खाली करा. जास्त केलंत तर घसरून सगळा भार मनगटांवर येईल. उंची अशी लावा की टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला नेल्यावर पाय सरळ व्हावा. पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नाही, शिवण तिथेच घासते. पाळीत सॅनिटरी पॅडच्या कडा जांघेत सोलतात, त्यामुळे मेन्स्ट्रुअल कप बरा. पण तो पहिल्यांदा राईडच्या दिवशी वापरू नका, दोन-तीन दिवस घरी वापरून बघा.

आता रस्ता. कामठी रोडला डबलडेकर पुलाखालूनच चला, वर चढू नका. अंधारात निघणार असाल तर मागचा लाल दिवा हवाच. मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता. खरा त्रास कामठी ते कन्हान आणि तिथून चौपदरी हायवे लागेपर्यंतचा. या पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत, पुढे मनसर-कांद्रीला मँगनीजच्या. ट्रकांना रविवार नसतो. त्यांच्या वजनाने डांबराची कड तुटते आणि बाजूची माती चार-पाच इंच खाली राहते. पडायला होतं ते इथेच. मागून हॉर्न वाजतो, घाबरून चाक खाली उतरतं आणि लगेच तिरपं वर घ्यायला गेलं की पुढचं चाक कडेला घासत राहतं, वर चढत नाही. सायकल डावीकडे आणि तुम्ही उजवीकडे, थेट ट्रकच्या बाजूला. चाक उतरलंच तर खालीच राहा, वेग कमी करा, थांबा, सायकल उचलून वर ठेवा. आणि मुळात कडेला चिकटून चालवूच नका. दोन-अडीच फूट आत राहिलात की ट्रकवाल्याला बाजू काढूनच पुढे जावं लागतं.

मनसरच्या अलीकडे शाळेच्या मुली बघा. दप्तर कॅरिअरला, कधी मागे बहीण. ट्रक आला की त्या हँडल झटकत नाहीत. पुढची सपाट जागा आधीच हेरतात, तिथे काटकोनात खाली उतरतात, पेडल चालूच. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. राईडच्या आधी एखाद्या शाळेच्या रस्त्यावर अर्धा तास उभं राहा, फोटोंपेक्षा जास्त समजेल.

हायवेला लागलं की जिंकलो असं वाटतं. नाही. शोल्डरवर, म्हणजे कडेच्या डांबरी पट्टीवर, फुटलेल्या ट्रक टायरांच्या तारा पडलेल्या असतात, केसाएवढ्या. त्या दिवशी चार पंक्चर झाले, त्यातले तीन एकाच टायरला, कारण तार काढलीच नव्हती. ट्यूब बदलताना व्हॉल्व्ह आणि टायरवरचं नाव समोरासमोर ठेवा. ट्यूबवर भोक सापडलं की टायरवरची जागा मोजून मिळते. आतून कापसाचा बोळा हळू फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे तार. चिमट्याने ओढा. बाहेरून काही दिसत नाही. शेताकडेला थांबलात तर सराटे बघूनच सायकल आडवी करा.

पंक्चरवाल्याच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह बघून त्याने आधी मान हलवली, मग स्क्रूड्रायव्हरने टायर उचकटून ट्यूबला आणखी दोन भोकं पाडली आणि वर दीडशे रुपये घेतले. दोन ट्यूब, टायर उचकटायचे प्लॅस्टिकचे दोन टायर लिव्हर, पॅच आणि प्रेस्टाचा पितळी अडॅप्टर जवळ ठेवा. अडॅप्टर असला की कुठल्याही पेट्रोलपंपावर हवा भरता येते. फिओना कोल्बिंगरने २०१९ मध्ये युरोपभरची सुमारे ४,००० किलोमीटरची ट्रान्सकॉन्टिनेन्टल रेस १० दिवस २ तास ४८ मिनिटांत जिंकली. सगळ्या पुरुषांच्या पुढे, दुसऱ्या नंबराला दहा तास मागे टाकून. त्या रेसमध्ये मदतीची गाडी नसते. मेसेजमध्ये तिच्या फोटोखाली ‘जिद्द’ लिहिलं होतं. ‘टायर लिव्हर’ लिहायला हवं होतं.

पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह फुकट द्यायचं असा नियम आहे. एका पंपावर कुलूप होतं, “चावी मॅनेजरकडे, मॅनेजर नाही.” तक्रारवही मागितल्यावर चावी दोन मिनिटांत आली. आधी वही मागा. शौचालयाच्या भीतीने पाणी कमी पिणं हा बायकांच्या राईडमधला सगळ्यात वाईट सल्ला आहे आणि तो बायकाच देतात. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी हवं. ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटरला. अर्ध्या बाटलीत घातलंत तर मळमळेल.

गडावर वळणाच्या आधी गिअर उतरवा. जोर लावताना बदललात तर चेन पडते. पुढे २८ आणि मागे ३२ दातांची जोडी असेल तर बसून चढता येतं, एकच गिअर असेल तर खुशाल ढकला. केळी हँडलच्या पिशवीत ठेवू नका, माकडं पिशवीची चेन उघडतात. उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबा, आणि रबर आदल्या रात्री बघून ठेवा.

खिंडसी छान आहे.

परतीला ऊन तोंडावर येतं, मार्चनंतर हा बेत करू नका. टेम्पोवाल्याने मनसर ते नागपूरचे ३,००० मागितले, २,२०० ला जमलं. बिघडलेली सायकल दिसली की भाव चढतो, त्यामुळे सायकल लांब उभी करून आधी एकीने विचारायला जायचं.

वेदांगीने २०१८ मध्ये जगभर २९,००० किलोमीटर १५९ दिवसांत केले. दिवसाला सरासरी १८२ पडतात. आपल्याला ११० करायचे आहेत, तेव्हा आधीच्या तीन रविवारी ४०, ६० आणि ८० करून या. निघताना एक पोळी, गूळ, केळं. तर्री परतल्यावर.