तुम्ही विचारलंत म्हणून: बांगडी, तोंडं आणि नळ

बारावीची इंग्रजी शिकवते म्हटलं की पालक हटकून विचारतात, "मॅडम, फिगर ऑफ स्पीच, म्हणजे अलंकार, ओळखायचा कसा? एवढं पाठ करूनही चुकतंच."

पाठ केल्यानेच चुकतं, असं माझं मत. 'लाइक' किंवा 'ॲज' दिसलं की सिमिली, म्हणजे उपमा, हे घोकलेलं असतं. मग 'शी वर्क्स ॲज अ नर्स' यातही सिमिली सापडते! अरे, ती नर्सच आहे, तुलना कसली? 'तू दादाइतका उंच' हीसुद्धा उपमा नव्हे, माणसाचं माप माणसालाच लावलंय. ताडासारखा म्हणा, मग बोलू. आपली 'जणू'वाली उत्प्रेक्षा मात्र इंग्रजीत बहुधा सिमिलीतच जमा होते, तिला वेगळा रकाना नाही.

ॲलिटरेशनसाठी, म्हणजे अनुप्रासासाठी, मी ओळ सरळ देवनागरीत लिहायला लावते. 'फोन' आणि 'फॅन' यांची स्पेलिंगं वेगळी, पण आपल्याकडे दोन्हींत फ. 'सिटी' आणि 'कॅट' दोन्ही सी-ने सुरू होतात, पण अनुप्रास नाही.

खरी गोची मेटॉनिमीशी, म्हणजे एका गोष्टीचं नाव घेऊन तिच्या सोबतीची दुसरी सांगायची, तिच्याशी. उपमेला सिमिली, रूपकाला मेटाफर, चेतनगुणोक्तीला पर्सॉनिफिकेशन अशा जोड्या लागतात. मेटॉनिमीची जोडी शोधत मुलं अलंकारांची यादी पालथी घालतात. ती तिथे नाहीच. ती मराठी व्याकरणातल्या शब्दशक्तीच्या धड्यात, लक्षणेत (सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला अर्थ घ्यायचा, तिथे) बसलीय. 'पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली.' १७६१ सालच्या त्या रणात कासाराचं दुकान नव्हतं. फुटली बांगडी, सांगायचं होतं वैधव्य. 'द पेन इज मायटिअर दॅन द सोर्ड' हे त्याच जातीचं: पेन म्हणजे लेखन, तलवार म्हणजे शस्त्रबळ.

आणि सिनेकडकी (उच्चारालाच निम्मा वर्ग हसतो)? 'घरात खाणारी तोंडं सहा.' इथे भाग सांगून अख्खा माणूस मोजलाय. तोंड हा माणसाचा भाग, बांगडी नुसती त्याच्या सोबतीची. एवढाच फरक. 'ऑल हँड्स ऑन डेक'मधले हात तोंडांच्या रांगेत बसवा.

परवा फळ्यावर 'द केटल इज बॉइलिंग' लिहिलं. किटली उकळत नाही, पाणी उकळतं, म्हणून ही मेटॉनिमी, असं सांगत होते. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आमच्याकडे पहाटे साडेपाचला नळ येतो. तोपण त्यातच?"

"त्यातच."

"आणि सातला जातो."