जॉब गार होऊ दे, मग बघू

पुण्यातल्या ज्या वर्कशॉपने माझ्या गाडीचे बॅरल (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळकांडी) बोअर करून, म्हणजे आतून कातून मोठे करून दिले होते, त्यांनी पिस्टन मागितलेच नव्हते, खरं तर बोअर त्या पिस्टनच्याच मापाला जुळवायचा. "सर पॉइंट टू फाइव्ह ना, झालं समजा." म्हणजे मूळ मापापेक्षा पाव मिमी मोठं. गाडी म्हणजे राजदूत ३५०, एलटी, म्हणजे लो टॉर्कवाली. १९८३ पासून एस्कॉर्ट्सने यामाहाच्या लायसन्सवर बनवलेली, तेव्हा पेट्रोल पिते म्हणून लोकांनी नाकं मुरडली आणि आता तीच लोकं विकायची आहे का विचारतात. तर ही गाडी खंबाटकीच्या अलीकडे डाव्या पिस्टनला पकडली, म्हणजे पिस्टन बॅरलमध्ये जाम, मागचं चाक लॉक, क्लच दाबला गेला म्हणून आज टाईप करतोय.

मग प्रत्येक जण एकच सांगायला लागला, कोल्हापूरला जा. पटण्यासारखं होतं, कारण ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून तिथे घरटी एक लेथ असल्यासारखं आहे, शिरोली, गोकुळ शिरगाव सगळीकडे फाउंड्र्या आणि मशीन शॉप. फक्त कुणाकडे जा ते कुणीच नीट सांगेना, सगळ्यांचं आपलं "उद्यमनगरात विचार".

कोयना एक्सप्रेसने गेलो. दोन बॅरल, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि नवीन पिस्टन असं ते धूड घेऊन. समोरच्या आजींनी भांडी आहेत का विचारलं, मी हो म्हणालो. लॉजबद्दल एवढंच की डास फुकटात मिळाले.

सकाळी शिवाजी उद्यमनगर. पहिल्या ठिकाणी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन बघूनच मी खुश झालो, पण मालक म्हणाले सिंगल पीस घेत नाही. राग यायचं कारण नव्हतं खरं तर, त्यांचं काम लॉटचं, ट्रॅक्टरचे कास्टिंग शेकड्यात येतात, माझ्या दोन नळकांड्यांसाठी सेटिंग कोण मोडणार. दुसऱ्याने बाहेर पत्र्याखाली तास-दीड तास बसवलं, मग बॅरलमध्ये बोट फिरवलं आणि म्हणाला अर्ध्या तासात देतो. फोन खांद्यावर, कानाला चिकटलेला. बोअर गेज, म्हणजे आतला व्यास मोजायचं डायलवालं साधन, आहे का विचारलं तर "चाळीस वर्षं हात बसलाय" म्हणाला. हात बसलेल्या माणसाकडूनच मी पुण्यातून आलो होतो! निघालो.

तिसरं दुकान एका बोळात, बोर्ड नाही, दारात ऑइलने काळी झालेली फरशी. म्हातारे मिस्त्री स्टुलावर बसून चहा घेत होते. मी पिशवी उघडायच्या आत प्रश्न, "पिस्टन आणलायसा?"

आणलेत म्हणालो. त्यांनी बॅरलला हाताची मागची बाजू लावली आणि खाली ठेवलं. "ह्यो ऊन खाऊन आलाय. जॉब गार होऊ दे, मग बघू. पावणं, मिसळ खाऊन या."

मला संध्याकाळची परतीची गाडी धरायची होती. मी म्हणलं मामा निदान मोजून तरी घ्या. "गरम जॉब मोजायचा न्हाई," आणि चहा चालू. माझी चिडचिड झाली, एप्रिलचं ऊन, त्यात हे शिकवणी घेणार. पण फडतरेंची मिसळ तिथेच उद्यमनगरात आहे, रांगेत उभा राहून डोक्यात हिशोब केला तेव्हा जरा गप्प झालो. अॅल्युमिनियमचा ६४ मिमीचा पिस्टन दहा डिग्रीने जास्त गरम असेल तर जवळपास पॉइंट झिरो वन फाइव्ह मिमी वाढतो. आणि या इंजिनात पिस्टन आणि बॅरलमधली फट ठेवायची पॉइंट झिरो फोरच्या आसपास. म्हणजे एक तृतीयांश फट नुसत्या उन्हात गायब. (मिसळ झणझणीत, पण रांग बघता पुढच्या वेळी मी दुसरीकडे खाणार.)

परत आलो तर बॅरल आणि पिस्टन एकाच टेबलावर शेजारी शेजारी मांडलेले, पंखा बंद. आधी पिस्टन मोजले, पिनला काटकोनात, स्कर्टच्या खालच्या कडेपासून थोडं वर. दोन्ही पिस्टनवर ५० चा शिक्का, म्हणजे पुढच्या मापाचे, ६४.५० चे, एकाच डब्यातले, तरी दोघांत मिमीच्या एका शतांशाचा फरक! मिस्त्रींनी मार्करने एकावर "डा" आणि एकावर "उ" लिहिलं, बॅरलवरही तेच. मग उजव्या बॅरलमध्ये, म्हणजे जो अजून पकडला नव्हता त्यात, बोअर गेज घातला. वर, मध्ये, खाली, मग आडवा फिरवून परत तीन. डायल माझ्याकडे वळवला. "तुमीच वाचा, मी खोटं सांगीन."

वाचलं. वर ठीक, खाली येईपर्यंत बोअर पॉइंट झिरो टूने अरुंद. पुण्याच्या कामात बोअर सरळच नव्हता, हा पण आज ना उद्या पकडणारच होता. मला मिस्त्रींचा पुरावा मिळाल्याचा आनंद झाला आणि पुण्याच्या बिलाचा राग पण, दोन्ही एकदम.

त्या दिवशी काम होणार नव्हतंच. तिकीट गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोअरिंग आणि होनिंग (दगडाने आतून घासून शेवटचा हात) झालेलं, भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी सुंदर उमटलेली, मी उचलायला गेलो तर "थांबा की". टू स्ट्रोकच्या बॅरलला भिंतीतच पोर्ट, म्हणजे गॅस ये-जा करायच्या खिडक्या असतात आणि बोअर केलं की त्यांच्या कडा पात्यासारख्या होतात, पिस्टनची रिंग तिथे अडकली की तुटते. त्यांचं पोरगं ऑइल स्टोनचा बारका तुकडा घेऊन एकेक कड हाताने मारत बसलं. मिस्त्री प्रत्येक पोर्टवरून नख फिरवायचे, अडकलं की परत पोराकडे. एक पोर्ट चार वेळा परत गेला, पोरगं वैतागलेलं स्पष्ट दिसत होतं, मी पण. पण पुण्यात याच बॅरलच्या पोर्टवरून नख फिरवायचं कुणाला सुचलं होतं?

पैसे पुण्यापेक्षा कमी घेतले, वर धुवायला सांगितलं साबणाच्या गरम पाण्याने, "पेट्रोलनं न्हाई, होनिंगची भुकटी त्यानं निघत न्हाई".

क्रँक मात्र घेतला नाही. हा क्रँक प्रेस करून बसवलेला असतो, उघडून परत जोडला की दोन्ही टोकं डायलवर धरून तांब्याच्या हातोडीने ठोकत ठोकत सरळ करावा लागतो. "ते आमचं काम न्हवं," म्हणून पोराला माझ्याबरोबर दोन गल्ल्या पलीकडे पाठवलं. तिथला माणूस चाळिशीतला, अजिबात न हसणारा. व्ही ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर क्रँक ठेवून फिरवला, डायलची सुई नाचली, त्याने तोंड वाकडं केलं, वहीत माझा नंबर घेतला. किती दिवस विचारलं तर म्हणाला, "फोन करू नका. झाला की मीच करतो."

बॅरल घरी कपाटात ऑइल लावून ठेवलेत. त्याचा फोन अजून आलेला नाही, आणि मी दोनदा केला तर त्याने उचलला नाही.