आमची वाटचाल : कणकेचा गोळा आणि अठराचा बेस

नांदेड रोडला एक टेम्पो दिसतो. मागच्या फाळक्यावर रंगवलंय, 'तालुक्यात सर्वप्रथम १८ इंची बेस'. तो टेम्पो खरोखर त्याचाच आहे, माझ्या जुन्या भागीदाराचा. बेस मात्र, म्हणजे जाड आवाजाचा तो मोठा स्पीकर, माझा होता. एवढं लेखी असावं म्हणून हे लिहायला बसलो.

लातूर जिल्ह्यातल्या अहमदपुरात २००९ साली आम्ही दोघांनी साउंडच्या धंद्याला सुरुवात केली. दोन भोंगे, एक मशीन (ॲम्प्लिफायर), तीन माईक आणि त्याच्या चुलत्याचा टेम्पो. लग्न, बारसं, प्रचाराची रिक्षा, सप्ताह, जे येईल ते. धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, भोंगा हा भाषणाचा गडी. दोन-अडीचशे हर्ट्झच्या खाली, म्हणजे जाड आवाजातलं, त्यातून काही निघतच नाही. नेत्याचा आवाज दोन शेतं पलीकडं जातो, पण पखवाजाची धूम, म्हणजे डाव्या हाताची जाड बाजू, स्टेजवरच मरते.

हे मला शिकवलं एका मृदंगाच्या बुवांनी. सप्ताहात ते आमच्या स्टेजवर बसायचे. वाजवता वाजवता थांबायचे, धुमेवर अजून कणीक थापायचे, पुन्हा वाजवायचे, पुन्हा थापायचे. तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर पुडीवर पुरीएवढा गोळा. मी म्हटलं, "माऊली, एवढी कणीक कशाला?" ते म्हणाले, "काय करावं माऊली, भाईर ऐकलं तर माती चापटल्यावानी वाजलालाय." त्यांना वाटायचं हात बिघडला. बिघडलं होतं माझं सामान.

२०१३ मध्ये आईची पाटली गहाण ठेवून अठराच्या बेसची जोडी आणली. पेटी दोघांनी उचलायची, पायऱ्यांवर तिघांनी. क्रॉसओव्हर शंभरवर ठेवला, म्हणजे शंभर हर्ट्झच्या खालचाच आवाज बेसला, धुमेचा माईक तेवढा बेसला दिला आणि गवयांच्या माईकांना लो-कट मारला, म्हणजे त्यांचा खालचा आवाज कापला. बुवांनी एक 'धा' वाजवला, माझ्याकडं बघितलं आणि बोटानं अर्धी कणीक काढून मांडीवरच्या फडक्यावर ठेवली. त्या दिवशी मी जेवलो नाही. भूकच लागली नाही.

भागीदार तेव्हा म्हणत होता, "अण्णा, सप्ताहाला कुठं बेस लागतो का? लग्नाच्या वरातीला लावू." आता तोच 'सर्वप्रथम' लिहितो.

२०१४ ची नांदेड जिल्ह्यातली माळेगाव यात्रा. एका लावणी पार्टीचं काम मिळालं, मोठं मैदान, ढोलकीचं काम. आणखी दोन बेस नांदेडहून भाड्यानं आणले. मशीन दोन न्यायच्या होत्या. मी माईक, स्टँड बघायला पुढं गेलो, टेम्पो त्यानं भरला आणि जागा पुरेना म्हणून एक मशीन दुकानातच ठेवली. मशीनवर मी खडूनं लिहिलं होतं, 'दोनच'. ओहम म्हणजे स्पीकरचा रोध, आकडा जितका कमी तितका मशीनवर भार जास्त. आठ ओहमचे दोन समांतर जोडले की चार, चार जोडले की दोन, आणि ती मशीन चारच्या खाली चालणारी नव्हती. त्यानं चारही एकीवरच लावले. वर जनरेटरवाल्यानं त्याच वायरीवर हॅलोजन टाकलेले. व्होल्टेज पडून एकशे ऐंशी.

चाळीसएक मिनिटं वाजलं. आधी आवाज चिरका झाला, ढोलकी पत्र्यासारखी. मग तो वास आला. स्पीकरच्या आतली कॉइल जळण्याचा वास ज्यानं घेतलाय त्याला तो झोपेतही कळतो. भाड्याच्या दोन्हींच्या कॉइल गेल्या, मशीन गेली, पब्लिकनं चपला फेकल्या. पार्टीनं पैसे तर दिले नाहीतच, ॲडव्हान्सही परत मागून घेतला.

आठ दिवसांनी तो हिशोबाला आला. टेम्पो त्याच्या घरचा, तो गेला. आमची शाबूत जोडी त्यानं 'माझा वाटा' म्हणून उचलली. नांदेडवाल्याची भरपाई माझ्या अंगावर. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण गावोगाव सांगत फिरला, "अण्णाचं सामान जळकं आहे."

पुढच्या चैत्रात तीन सप्ताह त्यानं घेतले, आमच्यापेक्षा दोन हजार कमी सांगून. पहिल्याच गावात त्यानं बेस स्टेजवरच ठेवले, फळ्यांवर, बुवांच्या दोन्ही बाजूंना. आता स्टेजच ढोलक होणार की नाही? माईकनं तोच आवाज उचलला आणि सगळं कीर्तन 'हूं हूं' गुरगुरायला लागलं. बुवांनी पखवाजाला गवसणी घातली आणि कमिटीला म्हणाले, "आधी अण्णाला बोलवा." दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आले, बिदागीचे पाच हजार टॉवेलात गुंडाळलेले. "बेस आण," म्हणाले. पावती नाही, कागद नाही. ते पैसे मी दोन वर्षांत फेडले. त्यांनी मोजले नाहीत.

नंतरची वर्षं बरी गेली. लॉकडाऊनमध्ये उंदरांनी स्पीकरचे दोन कोन (पडदे) कुरतडले, तेवढंच.

नवीन पोरांना सांगतो, कुणी विचारलेलं नसलं तरी. बेस जमिनीवर ठेवा, स्टेजच्या पुढं दोन-तीन मीटर आणि शक्यतो जवळ जवळ. दोन टोकांना ठेवले की मधोमध बसलेल्याच्या छातीत बसतो आणि चार पावलं सरकलं की गायब. भिंतीला टेकवला की फुकटात वाढतो, हे खरं. पण सभामंडपाचे पत्रेही वाजतात, त्याचं काय? नवीन पॉवर्ड पेट्या हलक्या आहेत, आत मशीन असते, ओहमचा घोळ नाही. घ्या. पण व्होल्टेज मोजल्याशिवाय प्लग लावू नका, मीटर खिशात ठेवा. आणि रात्री दहा म्हणजे दहा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, वस्तीत दिवसाची मर्यादा पंचावन्न डेसिबल. पोलीस पेटी नेतात तेव्हा आधी बेसच उचलतात, कारण गावाबाहेर ऐकू जातो तोच.

मागच्या चैत्रात त्याचा पोरगा दुकानावर आला. "काका, पप्पांनी स्पीकरला लावायची स्पीकॉनची वायर मागितली, दहा मीटर. कार्यक्रम अडलाय." दिली. पोराचा काय दोष? वहीत तारीख टाकून लिहून ठेवली. टेम्पो रोज दुकानासमोरून जातो, वायर अजून आलेली नाही.