‘जमलं तर’ नाही, ‘हवं तर’ : दहा आठवड्यांच्या योगवर्गाचा माझा अनुभव

योगवर्गात शिक्षकाच्या तोंडून सारख्या आज्ञा बाहेर पडत असतात. बसा, डोळे मिटा, पाठ ताठ, श्वास घ्या, रोखा, सोडा, अंग सैल सोडा. एरवी त्यात काही वावगं नाही. पण घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा लहानपणीचा छळ सोसलेल्या बाईला हीच भाषा वेगळी ऐकू येते. दुसऱ्यानं सांगायचं आणि आपल्या शरीरानं मुकाट ऐकायचं, हे तिनं भोगलेलं असतं. अशा स्त्रियांसाठी मी दहा आठवड्यांचा वर्ग घेते. त्यात माझी जास्त मेहनत आसनांवर होत नाही, या क्रियापदांवर होते.

पद्धत मूळची अमेरिकेतली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रुकलाइन इथल्या, मानसिक आघातांवर उपचार करणाऱ्या ट्रॉमा सेंटरमध्ये डेव्हिड एमर्सन यांनी ती घडवली. मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क हे त्या केंद्राचे संस्थापक. २०१४ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार घेऊनही पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक विकाराची, लक्षणं न हटलेल्या ६४ स्त्रियांपैकी निम्म्यांना दहा आठवडे, आठवड्याला एक तास योग दिला, उरलेल्यांना आरोग्यशिक्षणाचा वर्ग. शेवटी योगगटातल्या ३१ पैकी १६ जणी पीटीएसडीच्या निकषांत बसेनाशा झाल्या, दुसऱ्या गटात २९ पैकी ६. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: अर्ध्या वाटेवर दोन्ही गट सुधारलेले होते. नंतर आरोग्यशिक्षणाचा गट घसरला, योगाचा टिकला. म्हणून पाचव्या आठवड्यात कुणी ‘खूप फरक पडला’ म्हणालं, तर मला आनंद होतो, पण मी त्यावर विसंबत नाही.

हा वर्ग म्हणजे उपचाराला दिलेली जोड. समुपदेशन किंवा गोळ्या चालू असतील तर त्या चालूच राहायच्या. वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकीशी वीस मिनिटं स्वतंत्र बोलते. रक्तदाब, गरोदरपण, शस्त्रक्रिया, फिट येणं, चालू औषधं हे विचारते. काय घडलं ते विचारत नाही आणि कुणी सांगू लागली तर ‘ते समुपदेशकांकडे बोलूया’ असं हळूच थांबवते, कारण ऐकून घेतल्यानंतरचं सांभाळायचं शिक्षण माझ्याकडे नाही. बाकी तीनच प्रश्न: झोप कशी लागते? फार बिनसलं की काय केल्यानं थोडं बरं वाटतं? आणि गरज पडली तर फोन कुणाला करू? तिसऱ्याचं उत्तर नेहमी नवरा किंवा आई असेल असं धरून चालू नये.

गट सहा ते आठ जणींचा. खोलीत उजेड हवा. मंद दिवे, अगरबत्ती, बासरीचं संगीत यातलं काही नको. वासाइतकी जुनी आठवण झटकन वर आणणारी दुसरी गोष्ट नाही, आणि कुणाला कुठला वास नकोसा आहे ते आधी कळत नाही. दाराला आतून कडी घालत नाही. बाहेर ‘वर्ग चालू आहे’ अशी पाटी लावते. भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं घड्याळ. खुर्च्या भिंतीला पाठ लावून, दार दिसेल अशा. मी एका जागी बसते. चटयांमधून फिरणारा शिक्षक म्हणजे पाठीमागून येणारी पावलं. उठावंच लागलं तर आधी सांगते, ‘मी आता खिडकी लावायला जातेय.’ हात लावून आसन दुरुस्त करणं बंद, परवानगी विचारूनसुद्धा. ज्या बाईला आयुष्यभर ‘नाही’ म्हणता आलेलं नाही, तिच्या ‘चालेल’ला परवानगी कसं म्हणायचं?

आता भाषा. सुरुवातीच्या वर्गांत मी सगळीकडे ‘जमलं तर’ पेरत होते. ‘जमलं तर हात वर घ्या.’ ऐकायला मऊ, पण न जमणारी नापास होते. ‘हवं तर’ किंवा ‘वाटलं तर’ म्हटलं की हा हिशेबच उरत नाही. ‘करून बघा’ हे तर आयतंच मिळालेलं वळण. त्या ‘बघा’मध्ये निकाल नसतो. ‘पाठ ताठ करा’ऐवजी ‘पाठ थोडी लांब करून बघता येईल, किंवा टेकून बसता येईल’. पर्याय दोनच द्यावेत, चार दिले की गोंधळ उडतो, आणि काहीच न करता बसणं ही तिसरी वाट कायम उघडी ठेवावी. ‘छान’, ‘शाब्बास’ हे शब्द जिभेवर येतात तेव्हा गिळावे लागतात. मला बरं वाटावं म्हणून कुणी वाकू लागली की वर्ग पुन्हा जुन्याच जागी येतो.

पहिल्या आठवड्यात बहुतेक जणी म्हणतात, ‘तुम्ही सांगाल तसं, मॅडम.’ त्यावर ‘नाही, तुम्हीच ठरवा’ असा आग्रह धरणं हीही जबरदस्तीच. मी निवड इतकी लहान करते की तिची भीती वाटू नये. पंखा दोनवर ठेवू की तीनवर? चपला खुर्चीखाली ठेवायच्या की दाराशी? दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हात कुठे ठेवायचा हे ठरवणं सोपं जातं, ते या पंख्याच्या सरावामुळे.

‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला ‘बरं’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी ‘पायांत कुठे काही जाणवतंय का?’ असं विचारते. शरीराच्या आतल्या जाणिवांसाठी आपल्याकडे शब्दांची चैन आहे: रग, कळ, ओढ, ठणका, मुंग्या, चमक, जडपणा, ऊब, धडधड. हे शब्द बोलता बोलता कानावर घालते, म्हणजे हाताशी राहतात. ‘काहीच जाणवत नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे. ज्या शरीरात राहणं असह्य झालं होतं तिथून मन बाहेर पडतं, बधिरता हा त्यानं शोधलेला उपाय असतो. तो घाईनं हिसकावून घेऊ नये.

पहिले दोन आठवडे सगळं खुर्चीत. हात नसलेली, न डुगडुगणारी खुर्ची. पाय जमिनीला पुरत नसतील तर खाली पाट. मान दोन्हीकडे वळवणं, खांदे फिरवणं, मांडीवर हात टेकून थोडं पुढे झुकणं, बसल्या बसल्या पीळ. प्रत्येक हालचाल तीन ते पाच श्वास, आणि किती वेळ ते आधीच सांगायचं, मग मोठ्यानं मोजायचं. ‘आता थांबा’ असं म्हणून शिक्षक गप्प झाला की हे कधी संपेल ते कळत नाही, आणि कधी संपेल ते न कळणं हाच तर त्या जुन्या प्रसंगांचा गाभा होता.

तिसऱ्या आठवड्यापासून उभं राहणं. ताडासन खुर्चीची पाठ धरून, वृक्षासन पायाचा अंगठा जमिनीवर ठेवून. सगळ्यांत उपयोगी म्हणाल तर भिंतीला पाठ टेकून केलेलं अर्धं उत्कटासन, म्हणजे खुर्चीत बसल्यासारखे गुडघे थोडे वाकवून खाली सरकणं. मांड्यांना रग लागायला दहा-पंधरा सेकंद पुरतात, बधिर अंगालाही ती जाणवते, आणि वर सरकलं की लगेच कमी होते. अस्वस्थ वाटलं, मी उठले, ते थांबलं: इतका सरळ अनुभव पुष्कळ जणींना वर्षानुवर्षं मिळालेला नसतो. म्हणून आधी उठणारीनं अर्धवट केलं असं इथे म्हणायचं नाही. पाचव्या आठवड्यापासून वीरभद्रासनं येतात. बद्धकोनासन, आनंदबालासन, सेतुबंधासन, ओणवं होणं आणि पालथं पडून भुजंगासन ही सातव्या आठवड्याच्या आधी मी काढतच नाही, आणि नंतरही पर्यायासकटच. पाय फाकवणं, कंबर उचलणं, पाठ उघडी टाकणं या स्थितींत काय जागं होईल सांगता येत नाही.

श्वासाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक दहाही आठवड्यांत नाहीत. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो; डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, छातीत धडधडतं. घबराटीच्या झटक्यातही हेच होतं. शरीराला कारणाशी देणंघेणं नसतं, ते फक्त खुणा ओळखतं. श्वास रोखण्याचं तर बोलायलाच नको, गळा दाबला गेलेल्या बायका माझ्या वर्गात असू शकतात. चौथ्या आठवड्यापर्यंत श्वास मोजण्यापुरताच. मग ‘तीन आकड्यांत आत, चार किंवा पाचांत बाहेर’ अशी पाच आवर्तनं, डोळे उघडे ठेवून. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती थोडी उतरते, एवढं पुरे. भ्रामरी पुष्कळांना आवडते, पण कान-डोळे झाकून घेणारी षण्मुखी मुद्रा वगळून. नुसता तोंड मिटून गुंजारव.

शवासनाची परंपरा मोडताना योगशिक्षकांना सर्वांत जड जातं. पण डोळे मिटून, उताणं, अनोळखी खोलीत, कुणीतरी बसून पाहत असताना पडून राहणं यापेक्षा असहाय अवस्था कोणती? मी भिंतीला पाठ लावून कुशीवर, पाय खुर्चीवर ठेवून, किंवा खुर्चीतच बसून यांतले दोन पर्याय देते. आधी दोन मिनिटं, पुढे पाच, त्याहून जास्त नाही. पांघरूण उशाशी ठेवलेलं असतं, ते घालायला मी जात नाही.

कधीतरी कुणीतरी ‘निघून जाते’. नजर एका जागी खिळते, पापणी लवत नाही, श्वास अडतो, उत्तर उशिरा येतं. अशा वेळी अंगाला हात लावायचा नाही, चुटकी वाजवायची नाही, आणि ‘दीर्घ श्वास घ्या’ तर मुळीच नाही. नेहमीच्या आवाजात नाव घेऊन सांगते, ‘आपण शुक्रवारच्या वर्गात आहोत, साडेपाच वाजलेत, पंखा चालू आहे.’ मग तळपाय जमिनीवर दाबून बघायचे, खोलीतल्या निळ्या वस्तू शोधायच्या, गार पाण्याची बाटली हातात धरायची. वर्ग थांबवत नाही, बाकीच्यांना सोपी हालचाल देते, नाहीतर सगळ्यांचे डोळे तिच्यावर येतात. कुणी रडली तर रुमाल हाताशी सरकवते. मिठी मारत नाही, ‘काय आठवलं?’ विचारत नाही. जीव द्यायची भाषा ऐकू आली तर तिला एकटीला सोडायचं नाही, ठरलेल्या माणसाला फोन लावायचा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मोफत चालतो, तो पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवते.

पाचव्या ते सातव्या आठवड्यात गळती होते. बधिरता विरली की आधी दुखणंच वर येतं. झोप बिघडते, चिडचिड वाढते, घरचे म्हणतात, ‘योगानं उलट बिघडलं.’ हे होऊ शकतं असं पहिल्या भेटीत सांगून ठेवलेलं असलं की कमी जणी सुटतात. गट असा डळमळला की मी नवं काही घेत नाही, चौथ्या आठवड्याच्याच क्रमाकडे परत जाते. न आलेलीला एकच मेसेज: ‘जागा ठेवलीय, हवं तेव्हा या.’ त्रास फारच वाढला असेल तर समुपदेशकांशी बोलून वर्ग थांबवणं योग्य. घरच्या सरावासाठी पाच मिनिटं पुष्कळ झाली, तीही खुर्चीतली, आणि झाला की नाही हे मी विचारत नाही. वर्गाचे फोटो काढत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही करत नाही. एका फॉरवर्डमधून कुणाचा पत्ता कुणाला कळेल याचा नेम नाही.

शेवटच्या तीन आठवड्यांत क्रम त्या ठरवतात, प्रत्येकीनं एक हालचाल सुचवायची. कुणी पहिल्या आठवड्यातलं खांदे फिरवणंच मागते, तेही घेतो. दहाव्या आठवड्यात पुन्हा तेच तीन प्रश्न विचारते आणि उत्तरं जुन्या उत्तरांशेजारी लिहिते. झोपेचं उत्तर पुष्कळदा जेमतेम हललेलं असतं. पण चटया गुंडाळताना एखादी सहज म्हणते, ‘आज ते भिंतीचं मला नको होतं, म्हणून बसूनच राहिले.’ तारीख घालून तेवढं वाक्य मी वहीत उतरवते.