तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीवर पाने कुठले ठेवायचे?

मोटरसायकलवर लांबच्या राईडला निघायच्या आधी कोणीतरी हमखास विचारतं, "टूलकिटमध्ये काय काय ठेवतेस गं, यादी पाठव ना." यादी मी पाठवत नाही, कारण ती माझ्या गाडीची आहे. माझ्या मागच्या एक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) नट 24 मिमीचा, तुमचा 19 चा असेल नाहीतर 27 चा, मग माझं आख्खं किट उचलून नेलंत तरी तुमचं मागचं चाक काही निघायचं नाही. त्यापेक्षा तुमची यादी तुम्ही कशी काढायची ते सांगते.

एक सुट्टीचा दिवस काढा आणि गाडीची छोटी छोटी कामं घरीच करा. चेन टाईट करा, मागचं चाक काढून परत लावा, क्लच केबल सोडवून परत बसवा, स्पार्क प्लग काढून बघा, बॅटरीचे टर्मिनल उघडा, फ्यूज बॉक्स कुठे आहे ते शोधा (बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं). आणि ज्या ज्या पान्याला हात लागला तो परत डब्यात टाकायचा नाही, बाजूला ठेवत जायचं. संध्याकाळपर्यंत जो ढीग होईल ते तुमचं किट. ढीग छोटाच होतो बरं का, बहुतेक गाड्यांना 8, 10, 12, 14 चे पाने, 4, 5, 6 च्या एलन की (षटकोनी खाचेच्या बोल्टच्या चाव्या), एक्सलचा मोठा रिंग पाना, प्लग पाना, पक्कड आणि एक चांगला स्क्रू ड्रायव्हर, एवढ्यात भागतं. पण घरी केल्याशिवाय न कळणाऱ्या गोष्टी असतात, म्हणजे एक्सलचा नट फिरवताना दुसऱ्या बाजूने एक्सल धरायला वेगळाच पाना लागतो, किंवा प्लगच्या खोबणीत तुमच्या पान्याची जाड भिंत शिरतच नाही, किंवा पान्याचा दांडा इतका आखूड की घट्ट बसलेला नट हलतच नाही. कंपनीने सीटखाली दिलेले पाने पण याच दिवशी वापरून बघा. काही चांगले असतात, काही इतके मऊ की नट गोल करून ठेवतात, असा पाना जवळ असण्यापेक्षा नसलेला परवडला.

मग त्या ढिगातल्या प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न. ही ज्या कामाला लागते ते बिघडलं तर गाडी थांबते का, आणि थांबली तर ते काम मला रस्त्याच्या कडेला जमतं का. इंडिकेटर तुटला तर टेप लावून निघता येतं. ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) गेला तर गाडी थांबते, पण तिथे बसून तुम्ही-मी काही करू शकत नाही, त्यासाठी फोन आणि टो करणाऱ्याचा नंबर हेच टूल.

दोन्ही प्रश्नांना "हो" असं उत्तर येणारी पहिली गोष्ट म्हणजे पंक्चर. माझं म्हणणं, बाकी काही ठेवू नका पण पंक्चरचं सामान ठेवाच. ट्यूबलेस असेल तर सोपं आहे, खिळा काढायचा, रीमर (खरखरीत टोच्या) आत-बाहेर फिरवून भोक साफ करायचं, स्ट्रिप (चिकट रबरी पट्टी) सुईच्या नाकात ओवून, सोल्युशन (रबराचा डिंक) लावून अर्ध्याच्या वर आत दाबायची, दोन्ही टोकं थोडी बाहेर राहिली पाहिजेत, आणि सुई झटक्यात बाहेर ओढायची. हे फक्त टायरच्या मधल्या भागाला चालतं, साईडवॉल (टायरची बाजू) फाटली असेल तर स्ट्रिप घालून गाडी पळवू नका. मधल्या भागाचं पंक्चर असलं तरी सावकाश जाऊन आतून पॅच मारून घ्या. हवेसाठी 12 व्होल्टचा छोटा पंप उत्तम, सायकलचा हातपंप पण चालतो, फक्त दंड भरून येतात. सीओटू (दाबाने भरलेल्या कार्बन डायऑक्साईडच्या छोट्या नळ्या) वापरत असाल तर एका 16 ग्रॅमच्या नळीत मागचं टायर पूर्ण भरत नाही, जास्तीच्या ठेवा.

ट्यूबवाल्यांचं काम मोठं. टायर उचकटायचा लिव्हर किती लांब याची चर्चा लोक करतात, पण खरी गोष्ट वेगळी आहे, लिव्हर मारताना समोरच्या बाजूची टायरची कड रिमच्या मधल्या खोल भागात गुडघ्याने दाबून ठेवायची, तेवढ्याने इकडे ढील मिळते, नाहीतर नुसता जोर लावून नवी ट्यूब चिमटीत सापडते आणि परत पहिल्यापासून. पुढचं चाक 21 इंची असेल आणि जागा एकाच ट्यूबची असेल तर पुढची ठेवा, ती वेळेला मागच्या 17-18 च्या टायरमध्ये कोंबून गाव गाठता येतं, उलटं जमत नाही.

दुसरी गोष्ट क्लच केबल. ती बहुतेकदा हँडलवरच्या क्लच लिव्हरपाशी, निपलच्या (केबलच्या टोकाच्या धातूच्या गोळीच्या) मागेच तुटते, आणि आधी सांगून तुटते: रबर मागे सारून बघा, एक-दोन तारा सुटून वर आलेल्या दिसतील. मी नवी केबल जुनीच्या शेजारून आधीच ओवून ठेवते, दोन्ही टोकं टेपने बंद करून. मग टाकी काढायची भानगड नाही, दोन टोकं जोडायची की झालं.

बाकी बारीकसारीक पटकन सांगते. तुमच्याच अँपिअरचे फ्यूज, झिप टाय, इन्सुलेशन टेप, थोडी तार, इंजिनच्या केसिंगला तडा गेला तर इपॉक्सी पुट्टी, एम6 आणि एम8 चे चार बोल्ट, डोक्याला लावायचा टॉर्च (तोंडात मोबाईल धरून काम होत नाही). चेन लॉक (तुटलेली चेन जोडायची कडी) घ्याल तर चेनवर कोरलेला नंबर बघून, 428 ला 520 चं लॉक बसत नाही, आणि तुटलेली कडी काढायला चेन ब्रेकर नसेल तर नुसतं लॉक घेऊन काय करणार! टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना), हातोडी, सॉकेटचा मोठा सेट मी घरीच ठेवते.

हे सगळं कापडी गुंडाळीत घट्ट बांधा. डब्यात सुटं टाकलं तर पाने एकमेकांवर आपटत राहतात आणि त्यात स्ट्रिपचं पाकीट आणि सोल्युशनची ट्यूब फाटते. वजन सीटखाली किंवा इंजिनजवळ खाली ठेवा, मागच्या बॉक्समध्ये सगळ्यात टोकाला नको. आणि निघायच्या आदल्या दिवशी सोल्युशनची ट्यूब दाबून बघा, एकदा उघडलेली असेल तर ती बऱ्याचदा आतून वाळलेली निघते.